जवळचं जिवंत झाड किती लांब?

पहिला दिवस : डेव्हिस ते क्विन्सी

निघण्याआधी बियाणं बघून घ्यायचं होतं. डेव्हिसला राज्याच्या वन आणि अग्निशमन खात्याचं एल. ए. मोरन केंद्र आहे, आणि तिथं कॅलिफोर्नियातल्या जंगली झाडांची बीपेढी. मे महिन्यातल्या उन्हातून मी जाड कोट चढवून उणे अठरा अंशांच्या खोलीत शिरले. डब्यांच्या रांगाच रांगा. प्रत्येक डब्यावर झाडाचं नाव, बी कुठल्या पट्ट्यातलं, समुद्रसपाटीपासून किती उंचीवरचं आणि कुठल्या वर्षी गोळा केलेलं. पाँडेरोसा पाइनचं बी तुरीच्या दाण्याएवढं. शुगर पाइनचं मात्र थेट सीताफळाच्या बीसारखं, काळपट आणि गुळगुळीत.

उंचीची नोंद ठेवतात ती हौस म्हणून नाही. तीन हजार फुटांवरच्या झाडाचं बी सहा हजार फुटांवर लावलं, तर रोपाला तिथली थंडी सोसत नाही. म्हणून दर पाचशे फुटांचा वेगळा कप्पा. आमच्याकडं आंबेगाव तालुक्यात आबा घाटमाथ्यावरच्या खाचरासाठी खालच्या गावातलं भाताचं बी कधी घेत नाहीत. डबे बघताना त्यांचीच आठवण आली. आणखी एक गोष्ट इथं समजली. पाइनचं बी ज्यात असतं तो शंकू पिकायला दोन वर्षं लागतात आणि भरघोस बी दरवर्षी धरत नाही. कधी तीन वर्षांनी, कधी सात-आठ वर्षांनी. आंब्याला निदान एक साल आड तरी बहर येतो. तेव्हा त्या खोलीतला प्रत्येक डबा म्हणजे कुणीतरी अचूक साधलेलं एक साल.

मी इथं जळालेल्या जंगलाच्या पुनर्लागवडीवर काम करणारी फेलो आहे. अकरा महिन्यांच्या फेलोशिपमधले हे सहा दिवस २०२१च्या डिक्सी फायर या वणव्याच्या जळीत भागातले.

ओरोव्हिल सोडलं की सत्तर नंबरचा रस्ता फेदर नदीच्या दरीत घुसतो. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल पाणी, पलीकडं रेल्वे. पुल्गाच्या आसपास २०१८ची 'कॅम्प फायर' नावाची आग सुरू झाली होती. पॅराडाइज गाव त्यात गेलं आणि ८५ माणसं दगावली. थोडं पुढं क्रेस्टा धरण. १३ जुलै २०२१ला इथल्याच उतारावर वीजवाहिनीवर झाड टेकलं आणि डिक्सी पेटली. ती पूर्ण आटोक्यात आली २५ ऑक्टोबरला. ९,६३,३०९ एकर. एकाच ठिकाणी सुरू झालेली एवढी मोठी आग कॅलिफोर्नियाच्या नोंदींत दुसरी नाही. आकडा डोक्यात बसेना म्हणून मी हिशेब मांडला : अख्ख्या गोव्यापेक्षा थोडं जास्त क्षेत्र.

दरीच्या भिंती नीट पाहिल्या तर त्यांच्यावर तीन आगी एकावर एक दिसतात. २०००ची स्टोरी, २०१२ची चिप्स आणि नंतर डिक्सी. पहिल्या आगीतले बुंधे आडवे होऊन रुपेरी पडलेत, मधल्या आगीतले निम्मे मोडलेत, शेवटचे अजून काळे आणि उभे. त्यांच्यामध्ये नुसती झुडपं. वीस वर्षांत तीनदा जळाल्यावर पाइनला बी धरण्याइतकं वय गाठायला सवडच मिळाली नाही.

क्विन्सीला पोचले तेव्हा अंधार पडला होता.

दुसरा दिवस : ग्रीनव्हिलच्या वरचे उतार

क्विन्सीहून ग्रीनव्हिल पाऊण तासावर. सोन्याच्या शोधात आलेल्यांनी वसवलेलं, इंडियन व्हॅलीच्या कडेचं हजारभर वस्तीचं गाव. ४ ऑगस्ट २०२१च्या संध्याकाळी मुख्य रस्त्यावरचं जवळजवळ सगळं जळून गेलं. आता काही नवी घरं उभी राहिलीत, ताज्या लाकडाची. मधले प्लॉट अजून मोकळेच आहेत. एका मोकळ्या जागेत फक्त तीन पायऱ्या उरल्यात, आणि त्यांच्या शेजारी कुणीतरी ट्युलिप लावलेत.

वरच्या उतारावर आमचं काम सुरू झालं. पद्धत साधी आहे : मध्यभागी लोखंडी खुंटी ठोकायची, ४.३७ मीटरची दोरी फिरवून साठ चौरस मीटरचा गोल, म्हणजे आमचा प्लॉट, आखायचा, आणि त्यात गुडघ्यावर बसून उगवलेलं पाइनचं, फरचं, सीडरचं प्रत्येक रोप मोजायचं. शिवाय झुडपं किती, उघडी माती किती, उतार केवढा. आणि शेवटचा रकाना : जवळचं जिवंत बीझाड किती लांब? लेझरच्या यंत्राला डोळा लावायचा, हिरवा शेंडा शोधायचा, आकडा वाचायचा.

माझ्या मते सगळ्या फॉर्ममध्ये हाच रकाना महत्त्वाचा. इथल्या बहुतेक शंकूधारी झाडांचं बी आईपासून साठ मीटरच्या आतच पडतं. वाऱ्यावर काही लांब जातं, पण तुरळक. जंगल ठिपक्याठिपक्यांनी जळालं असतं, तर प्रत्येक जळालेल्या तुकड्याच्या कडेला जिवंत झाडं उरली असती आणि बी आपोआप आत सरकलं असतं. डिक्सीत मैलच्या मैल एकही झाड वाचलं नाही, असे पट्टे तयार झाले. तिथं मधोमध उभं राहिलं की यंत्र आकडाच दाखवत नाही, पडद्यावर नुसती आडवी रेघ येते. आज सलग चार प्लॉटांवर तीच रेघ होती.

इथं आल्यावर मला सगळ्यात अवघड गेलं ते हे समजून घेणं. सह्याद्रीत वणवा पाहत मी मोठी झाले. पळस, साग, ऐन होरपळले तरी पावसाच्या आगेमागे बुंध्यातून फुटवे येतात. जखम दिसते, पण मूळ जिवंत असतं. पाँडेरोसा पाइनचं तसं नाही. शेंड्यापर्यंत जळाला की संपला; खालून काही येत नाही. इथल्या झाडांत फुटतो तो ब्लॅक ओक. काळ्या ठुणक्याभोवती लालसर मखमली पानांचे घोस घेऊन तो डोक्याइतका वाढलाय. तो दिसला की मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं.

बाकी सगळीकडं डीअरब्रश. त्याचं बी मातीत शंभराहून जास्त वर्षं पडून राहतं आणि आगीच्या धगीनंच जागं होतं. एक झुडूप उपटून पाहिलं तर मुळांवर भुईमुगासारख्या गाठी. हवेतला नत्र धरून ठेवणाऱ्या. म्हणजे ते जळालेल्या मातीचं पोट भरतंय. त्याच वेळी पाइनच्या रोपाच्या वाट्याचं पाणी आणि ऊनही खातंय. काहींना ते सरसकट काढून टाकावंसं वाटतं. चार वर्षांत मातीवर पहिलं आच्छादन घातलं त्याला मी तण म्हणणार नाही. लावलेल्या रोपाभोवती हातभर जागा मोकळी करावी, बाकी राहू द्यावं.

तिसरा दिवस : लावणी

पहाटे साडेपाचला ट्रकपाशी. शीतपेटीसारखा बंद ट्रक, आत खोके, खोक्यांत झोपलेली रोपं. एक वर्षाची, वीतभर उंचीची, मुळांचा मातीसकट गुंडाळलेला दांडा तेवढाच लांब. बर्फ वितळून जमीन ओली असते आणि उन्हाळा अजून लागलेला नसतो, तेवढ्या पाच-सहा आठवड्यांत सगळं उरकायचं असतं.

लावणारे बारा जण. सगळे मेक्सिकोतून हंगामी व्हिसावर आलेले. काही जण वीस वर्षं हेच करतायत. अमेरिकेतली पुनर्लागवड अशा माणसांच्या कमरेवर उभी आहे. बातम्यांत खात्याचे अधिकारी दिसतात, झाड लावणारे हात दिसत नाहीत. कमरेला दोन्ही बाजूंनी पिशव्या, त्यांत दोन-अडीचशे रोपं, हातात होडॅड : लांब, अरुंद, किंचित वाकलेल्या पात्याची कुदळ. उभ्या उतारावर दिवसाला सातशे-आठशे रोपं लावतो, असं त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकांनी सांगितलं. ते मला 'मिहा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये पोरी.

माझं काम तपासनिसाचं होतं, पण सकाळचा पहिला तास काकांनी मला लावायला शिकवलं. आधी जागा बघायची. आडवा पडलेला ओंडका असेल तर त्याच्या उत्तरेला किंवा पूर्वेला, म्हणजे दुपारच्या उन्हात रोप सावलीत येतं. पायानं वरचा कचरा आणि कोरडी माती खरवडायची, ओली काळी माती लागेपर्यंत. मग होडॅड डोक्यावरून आणून एकाच घावात पातं पूर्ण आत. दांडा वर उचलायचा, माती पुढं सरकते आणि मागं एक फट उघडते. रोप पिशवीतून काढून लगेच फटीत. मूळ उघड्या हवेत दोन श्वासांपेक्षा जास्त राहता कामा नये. आधी थोडं जास्त खोल घालायचं, मग हलकेच वर ओढायचं, म्हणजे मुळं सरळ लोंबतात. तळाची माती आधी दाबायची, वरची नंतर. शेवटी टाच.

माझं तिसरं रोप काकांनी न बोलता उकरलं. मूळ तळाशी इंग्रजी जे अक्षरासारखं वळलं होतं. "ला राइस, देरेचा," ते म्हणाले. मूळ सरळ. असं वळलेलं रोप दोन-तीन वर्षं हिरवं दिसतं, मग कोरड्या सालात मरतं किंवा वाऱ्यात उलथतं, आणि तोवर लावणारा कुठं असतो? त्यांनी माझ्याच हातानं ते पुन्हा लावून घेतलं. शेंड्याच्या दोन-तीन सुया चिमटीत धरून ओढल्या. सुया तुटल्या, रोप हललं नाही. तेव्हा ते पुढं सरकले.

पूर्वी इथं दहा बाय दहा फुटांच्या चौकटीत रोपं लावत. एकरी सव्वाचारशेच्या वर, फडातल्या उसासारखी. तशी सारख्या वयाची दाट लागण पेटली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. आता जुन्या जंगलाच्या रचनेकडं बघून लावतात : कुठं एकांडं झाड, कुठं पाच-सातांचा घोळका, मध्ये मुद्दाम मोकळी जागा. काकांना ही पद्धत पटली आहे. मोजायला त्रास होतो, पण जमीन सांगेल तिथं लावता येतं, असं ते म्हणाले.

दुपारी दोन खोकी उघडली आणि कुबट वास आला. एका खाजगी रोपवाटिकेकडून आलेला माल. साठवणीत कुठंतरी तापमान चुकलं होतं. सुयांवर करडी बुरशी, मुळं मऊ. चारशे रोपं बाजूला काढावी लागली. खोक्यावरची चिठ्ठी मी पुन्हा पुन्हा वाचली. शुगर पाइन, बी आगीआधीच्या सालातलं, याच डोंगररांगेतलं. शुगर पाइन आधीच अडचणीत आहे. बाहेरून आलेला ब्लिस्टर रस्ट नावाचा तांबेरा त्याला मारतो, म्हणून रोगाला दाद न देणारी झाडं हुडकून, त्यांच्या शेंड्यापर्यंत चढून हातभर लांब शंकू उतरवावे लागतात. ज्या आयांचं हे बी होतं, त्यांतल्या बऱ्याच डिक्सीत गेल्या असणार. ती रोपं टाकताना कुणीच बोललं नाही. काकांनी खोकी उलटी केली आणि एकेक रोप हातानं चाचपलं. सहा निघाली बरी. ती त्यांनी स्वतः लावली, एका मोठ्या ओंडक्याच्या सावलीत.

चौथा दिवस : वारा

सकाळी दोन तासच काम झालं. गेल्या वर्षीच्या लागवडीच्या एका पट्ट्यात रोपांशेजारी काठ्या रोवून ठेवल्या आहेत, त्या मोजल्या. चाळीस काठ्यांपैकी सतरा रोपं जिवंत. पट्टा उघड्या दक्षिण उतारावरचा, आणि रोपं उशिरा लागलेली. जगलेल्या सतरापैकी बारा कशाच्या ना कशाच्या आडोशाला होती : ओंडका, ठुणका, एक मोठा दगड. कालचं काकांचं सांगणं आज आकड्यांत दिसलं.

दहाच्या सुमारास वारा सुटला. चार वर्षं उभे राहिलेले मेलेले बुंधे मुळातून सडलेले असतात. वाऱ्यात ते आवाज न करता सुटतात, आणि आवाज होतो तो जमिनीवर आल्यावर. सगळ्यांना खाली आणलं.

रात्री आठला आबांना फोन लावला. तिकडं सकाळचे साडेआठ.

"लावलीस का झाडं?"

"लावली. थोडी."

"पाऊस कधी लागंल तिकडं?"

"आता नाही आबा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत थेंब नसतो इथं."

पलीकडं शांतता. मग, "लावणी करून चार महिने पाऊस नाही? मंग रोप जगायचं कसं?"

मी सांगितलं, बर्फाचं पाणी जमिनीत मुरलेलं असतं. माती वरून सुकत जाते, आणि मुळानं तिच्या पुढं पुढं खाली पळायचं असतं. ओल हातची सुटली की रोप गेलं. आबांनी थोडा विचार केला. "म्हंजे हरभऱ्यावानी," ते म्हणाले. "जमिनीतल्या ओलीवर."

वर्षभर मी हे लोकांना समजावून सांगतेय, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

आबांनी विचारलं म्हणून पैशांचंही बोलले. आग लागली त्याच वर्षी, २०२१मध्ये, अमेरिकेनं पुनर्लागवडीच्या निधीवरची वर्षाला तीन कोटी डॉलरची मर्यादा कायद्यानं उठवली. दहा वर्षांत राष्ट्रीय वनांतली ४१ लाख एकरांची थकबाकी भरून काढायची असं ठरलं. पण पैसा आला म्हणून शंकू लवकर पिकत नाही, आणि शंभर फुटांवर चढून तो उतरवणारी माणसंही एका वर्षात तयार होत नाहीत.

पाचवा दिवस : तास्माम कोयोम

आज प्लॉट नव्हते. ग्रीनव्हिलवरून कॅनियनडॅम ओलांडलं, तेही डिक्सीत जळालेलं. मग अल्मानोर तलावाच्या कडेनं पश्चिमेला. तलाव सुंदर आहे, निळाशार. १९१४मध्ये धरण बांधून तो तयार झाला, आणि त्याखाली इथल्या मूळ रहिवासी मायडू लोकांचं मोठं कुरण बुडालं; त्यांची गावं, त्यांच्या पुरण्याच्या जागा. आमच्याकडं डिंभे धरणात जुनं आंबेगाव असंच गेलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की देवळाचे दगड वर येतात आणि माझी आज्जी काठावर उभी राहून हात जोडायची. म्हणून तलावाकडं नुसतं सुंदर म्हणून बघणं मला जमत नाही.

तास्माम कोयोम, नकाशावर हंबग व्हॅली, हे त्याच्या पश्चिमेचं छोटं खोरं. वीज कंपनीच्या ताब्यात गेलेली ही सुमारे २,३०० एकर जमीन २०१९मध्ये मायडू समिट कन्सॉर्शियम या मायडूंच्याच संस्थेकडं परत आली. दोनच वर्षांत डिक्सी इथूनही गेली.

कुरण मात्र हिरवंगार, मध्ये पाणी साचलेलं. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या वन्यजीव खात्यानं आणि मायडू लोकांनी मिळून इथं सात बीव्हरचं एक कुटुंब सोडलं. हा प्राणी दातांनी फांद्या तोडून ओढ्याला बांध घालतो. बांधाआड पाणी पसरतं, जमीन ओली राहते, आणि ओल्या कुरणात आग सहजी शिरत नाही.

भोवतीच्या डोंगरांवर पूर्वी मायडू स्वतः आग लावत. लहान आग, योग्य ऋतूत, पालापाचोळा जाळणारी. त्यानं ओकच्या झाडांखालची जमीन साफ राही, टोपल्या विणायला सरळ कोवळे फोक मिळत. दर दहा-पंधरा वर्षांनी अशी हलकी आग फिरलेल्या जंगलात झाडं विरळ आणि जाड सालीची असत. १८५०च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं मूळ रहिवाशांच्या आग लावण्याला गुन्हा ठरवलं. १९३५नंतर तर प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत विझलीच पाहिजे, असं वन खात्याचं धोरण झालं. शंभर वर्षं न जळलेलं सगळं साचत गेलं आणि डिक्सीच्या तोंडी पडलं.

मला राब आठवला. पावसाआधी खाचराच्या तुकड्यावर पाला, शेण, माती रचायची, वारा पडल्यावर पेटवायचं, कडेला हिरवा डहाळा घेऊन उभं राहायचं. आज्जी वाऱ्याचा अंदाज घ्यायला मूठभर राख उडवून बघायची. आणि त्याच डोंगरावर गवत चांगलं येतं म्हणून कुणीतरी काडी टाकून निघून जायचा, की रात्रभर वणवा. एका आगीशेजारी माणूस उभा असतो, दुसरीशेजारी नसतो. वन खात्याच्या जाळरेषांच्या अलीकडं-पलीकडं वाढलेल्या मला हा फरक लहानपणीच कळला होता, पण त्याला ज्ञान म्हणतात हे इथं येऊन समजलं.

सहावा दिवस : शेवटचा प्लॉट

उरलेले पाच प्लॉट. पाचवा एका लांब, करड्या उताराच्या मधोमध. उपग्रहाच्या नकाशावर हा सगळा भाग गडद लाल, म्हणजे सगळी झाडं मेलेली. पुढच्या वसंतातल्या लागवडीसाठी आखलेला.

यंत्र लावलं. जवळचं जिवंत झाड समोरच्या कड्यावर, २१४ मीटर. आकडा लिहिला, दोरी फिरवली, गुडघ्यावर बसले. डीअरब्रश, गवत, उघडी माती, जळक्या सालीचे तुकडे. मग दोरीच्या आतल्या बाजूला एका दगडाशी काहीतरी हिरवं. बोटभरही उंची नाही. एका काडीवर आठ-नऊ कोवळ्या सुयांची छत्री, आणि टोकाला अजून न गळलेलं बीचं टरफल, टोपीसारखं. त्याला चिकटून दुसरं. तिसरं. पाच रोपं एकाच मुठीतून सांडल्यासारखी.

वाऱ्यानं आलेलं बी असं एका जागी पाच पडत नाही. हे चिपमंकचं काम. इवलीशी पट्टेवाली खार. गालात बी भरून नेते, मातीत पुरून ठेवते, आणि काही पुरचुंड्या विसरते. पण चिपमंक दोनशे मीटर बी नेत नाही. म्हणजे आई जवळ असली पाहिजे.

फॉर्म दगडाखाली ठेवला आणि शोधायला लागले. वर गेले, काही नाही. डावीकडं एक घळ होती, खालून न दिसणारी, पडलेल्या बुंध्यांनी झाकलेली. ओंडक्यांवरून चालत कडेला आले. तळाशी एक जेफ्री पाइन उभा होता. अर्ध्यापर्यंत काळा, खालच्या सगळ्या फांद्या गेलेल्या, वर फक्त पंधरा-वीस फूट हिरवं. बुंध्यापाशी गेल्या सालचे चार-पाच उघडलेले शंकू. सालीच्या फटीला नाक लावलं. जेफ्रीच्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो. होता, जळक्या वासाच्या आत.

खोडाला निळी फीत बांधली, जीपीएसची नोंद घेतली. परत येऊन घळीच्या कडेपर्यंत आणि तिथून खाली, असं टेपनं मोजलं. फॉर्मवरचे २१४ खोडून त्यावर ७१ लिहिलं.

मग लागवडीचा नकाशा काढला, त्या झाडाभोवती साठ मीटरचं वर्तुळ आखलं, आणि वर्तुळ फुगवून पाच रोपांपर्यंत नेलं. आत पेन्सिलीनं लिहिलं : इथं लावू नका, इथं उगवतंय.